द्वेष्ट्यांची जुळवणी : समाजमाध्यमे आणि वंशद्वेषाचा प्रसार

१. प्रश्नाची मांडणी

समाजमाध्यमांमुळे वंशद्वेष वाढतो का, या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. माध्यम हा नुसता आरसा आहे, समाजात जे असते तेच त्यात दिसते, असे एक उत्तर. लोक गुण्यागोविंदाने राहत होते, सगळी नासाडी मोबाइलने केली, असे दुसरे. पहिले उत्तर कंपन्यांच्या सोयीचे आहे, दुसरे सत्ताधाऱ्यांच्या. दोन्हींत एकच गफलत आहे : वंशद्वेष ही एकसंध गोष्ट आहे असे धरून चालण्याची.

येथे निदान तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पहिली वृत्ती, म्हणजे मनातला पूर्वग्रह. दुसरी उच्चार, म्हणजे तो पूर्वग्रह चारचौघांत बोलून दाखवणे. तिसरी कृती : घर नाकारणे, नोकरी नाकारणे, मारहाण, जाळपोळ. मनात पूर्वग्रह बाळगून आयुष्यभर गप्प राहणारी माणसे असतात. तोंडाने वाटेल ते बरळणारा प्रत्येक जण दगड उचलतोच असे नाही. आणि दगड उचलणाऱ्या जमावात कालपर्यंत या विषयावर चकार शब्द न काढलेलेही सापडतात. समाजमाध्यमांचा परिणाम या तिन्ही पातळ्यांवर सारखा नाही.

या लेखाचे प्रतिपादन असे : उपलब्ध पुराव्यानुसार समाजमाध्यमांचे सर्वांत ठळक काम कोऱ्या मनात द्वेष पेरण्याचे नाही. विखुरलेल्या द्वेष्ट्यांची गाठ घालून देणे, त्यांना नेमका क्षण पुरवणे आणि जमाव उभा राहण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणणे, हे ते काम आहे. हे मान्य केले तर उपायांचा क्रमही बदलतो.

'वंशद्वेष' हा शब्द येथे पुढील अर्थाने वापरला आहे : कातडीचा रंग, चेहऱ्याची ठेवण, कूळ किंवा मूळ प्रदेश अशा जन्माने चिकटलेल्या गोष्टींवरून एखाद्याचा स्वभाव, लायकी किंवा गुन्हेगारी ठरवणे आणि त्यानुसार त्याच्याशी वागणे. जीवशास्त्रात माणसांच्या वेगवेगळ्या वंशांच्या कल्पनेला आधार उरलेला नाही. समाजात मात्र ती कल्पना ठणठणीत आहे. धर्मसुद्धा पुष्कळदा अंगावरच्या जन्मखुणेसारखा वागवला जातो. म्यानमारमधले रोहिंग्या किंवा युरोपातले मुस्लिम निर्वासित यांच्याविषयीचा द्वेष म्हणूनच या व्याख्येत बसतो. जातिद्वेष याचा सख्खा शेजारी आहे. पण त्याची यंत्रणा वेगळी असल्याने तो येथे हाताळलेला नाही.

२. शोधावा लागणारा द्वेष आणि घरपोच येणारा द्वेष

इंटरनेट आणि संघटित वंशद्वेष यांचे नाते समाजमाध्यमांहून जुने आहे. अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅनचा माजी नेता डॉन ब्लॅक याने १९९५ मध्ये 'स्टॉर्मफ्रंट' हे संकेतस्थळ सुरू केले. गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा प्रचार करणारे ते पहिले मोठे संकेतस्थळ मानले जाते. पण तिथे जायला पत्ता ठाऊक असावा लागे आणि जायची इच्छा असावी लागे. पोहोचणारा बहुधा आधीच त्या विचाराचा असे.

फेसबुक, यूट्यूब, ट्विटर (आता एक्स) यांनी ही वाट उलटी केली. मजकूर वाचकाकडे येऊ लागला. काय दिसावे हे संपादक ठरवत नाही, वाचकही पूर्णपणे ठरवत नाही. माणूस कशावर थांबेल, कशावर चिडेल, काय पुढे पाठवेल याचा अंदाज बांधणारी संगणकीय क्रमवारी ते ठरवते. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींवर हल्ला होऊन ५१ माणसे मारली गेली. त्यानंतर नेमलेल्या रॉयल कमिशनने २०२० च्या अहवालात नोंदवले, की हल्लेखोराच्याच सांगण्यानुसार त्याच्यावर कट्टर संकेतस्थळांपेक्षा यूट्यूबचा प्रभाव मोठा होता. कट्टरतेचा रस्ता आडवळणाच्या गल्लीतून न जाता हमरस्त्यावरून गेला होता.

३. यंत्रणा : क्रमवारी, शिफारस, परवानगी, समन्वय

पहिली यंत्रणा क्रमवारीची. चीड आणणारा मजकूर जास्त फिरतो, हे आता अनुभवापुरते उरलेले नाही. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की राजकीय ट्वीटमध्ये नैतिक-भावनिक असा एकेक शब्द वाढला की त्याचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढतो. स्टीव्ह राथजे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतली वृत्तमाध्यमे आणि लोकप्रतिनिधी यांच्या सुमारे २७ लाख पोस्ट तपासल्या. विरोधी गटाचा उल्लेख करणारा प्रत्येक शब्द पोस्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढवत होता. हे अभ्यास पक्षीय वैराचे आहेत, वंशाचे नाहीत. पण 'ते' आणि 'आपण' ही विभागणी केली की मजकुराला पाय फुटतात, एवढे त्यांतून सिद्ध होते. वंशद्वेष तर या विभागणीवरच जगतो.

कंपन्यांनी या प्रवृत्तीला वजन दिले, तेही अक्षरशः. फेसबुकने २०१७ पासून क्रमवारी लावताना रागाच्या चिन्हाला साध्या 'लाइक'च्या पाचपट मोल दिले होते. ते पायरीपायरीने कमी होत सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आले. मधल्या काळात लोकांना भडकवणाऱ्या मजकुराला सरकारी अनुदान मिळावे तसा आधार मिळत राहिला.

दुसरी यंत्रणा शिफारशीची. फेसबुकच्या अंतर्गत पाहणीतला एक आकडा २०२० मध्ये उजेडात आला : कट्टर गटांत सामील होणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक कंपनीच्याच शिफारशींमुळे तिथे पोहोचले होते. ही पाहणी २०१६ ची होती. म्हणजे दोन अनोळखी द्वेष्ट्यांची ओळख करून देणारा तिसरा कुणी माणूस नव्हता, तर यंत्र होते.

तिसरी यंत्रणा परवानगीची. आपले मत समाजात चालते की नाही, याचा माणूस सतत अदमास घेत असतो. लिओनार्दो बुर्श्तिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीच्या वेळी एक प्रयोग केला. स्थलांतरितांविरोधी संस्थेला देणगी द्यायला लोक खासगीत जितके तयार होते, तितके ते उघडपणे तयार नव्हते. आपल्या राज्यात डोनाल्ड ट्रम्प जिंकणार हे त्यांना आधी सांगितले, तेव्हा ही तफावत नाहीशी झाली. मत तेच होते, भीड चेपली होती. हा प्रयोग समाजमाध्यमांवरचा नाही. पण हजारो 'लाइक' दिसणे म्हणजे रोज छोट्या प्रमाणात तोच निकाल कानावर येणे आहे.

चौथी यंत्रणा समन्वयाची. कुठे जमायचे, किती वाजता, कोणत्या इमारतीपुढे, हे ठरवायला पूर्वी संघटना लागे, वर्गणी लागे, पुढारी लागे. आता एक गट आणि एक यादी पुरते.

या चारही ठिकाणी निनावीपणा हा मुख्य दोषी मानण्याची पद्धत आहे. पुरावा वेगळे सांगतो. युरो २०२० फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, ११ जुलै २०२१ रोजी, मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका या तीन कृष्णवर्णीय इंग्लिश खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि त्यांच्यावर वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. ट्विटरने नंतर प्रसिद्ध केलेल्या तपासणीनुसार कायमची बंद केलेल्या खात्यांपैकी ९९ टक्के खातेदारांची ओळख पटण्याजोगी होती. तोंड लपवण्याची गरज त्यांना वाटलीच नव्हती. परवानगीच्या यंत्रणेचा याहून स्पष्ट दाखला मिळणे अवघड आहे.

४. कारण की केवळ सहवास?

द्वेषाच्या पोस्ट वाढल्या आणि हल्लेही वाढले, एवढ्यावरून एकाने दुसरे घडवले असे म्हणता येत नाही. निर्वासित मोठ्या संख्येने आले म्हणून दोन्ही वाढले असतील. हा गुंता सोडवण्यासाठी नैसर्गिक प्रयोग लागतो, म्हणजे माध्यमाची उपलब्धता इतर कारणांपासून अलग करून दाखवणारी परिस्थिती. असे दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत.

पहिला कार्स्टन म्युलर आणि कार्लो श्वार्ट्स यांचा, जर्मनीवरचा. २०१५ नंतर तिथे निर्वासितांवर हजारो हल्ले झाले. 'एएफडी' या उजव्या पक्षाच्या फेसबुक पानावर निर्वासितांविषयीचा मजकूर ज्या आठवड्यांत वाढे, त्या आठवड्यांत हल्ले वाढत. पण सगळीकडे सारखे नव्हे. ज्या गावांत फेसबुकचा वापर जास्त, तिथे ही वाढ अधिक. गावागावांतला फेसबुकचा वापर मोजण्यासाठी संशोधकांनी एक साधी युक्ती केली. राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या न्युटेला या चॉकलेटी खाद्यपदार्थाच्या जर्मन पानावर कोणत्या गावचे किती लोक आहेत, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी इंटरनेट किंवा फेसबुक बंद पडल्याचे प्रसंग तपासले. जोडणी तुटलेली असताना पोस्ट आणि हल्ले यांतला हा दुवाच नाहीसा होत होता. निर्वासित तेच, गाव तेच, बातम्यांची वर्तमानपत्रे तीच. फक्त जोडणी नव्हती.

दुसरा अभ्यास बुर्श्तिन, येगोरोव, येनिकोलोपोव आणि पेत्रोवा यांचा, रशियावरचा. पावेल दुरोवने २००६ मध्ये 'व्हीके' हे माध्यम सुरू केले, तेव्हा पहिले वापरकर्ते त्याच्या सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठातले विद्यार्थी होते. त्या विद्यार्थ्यांच्या मूळ गावी व्हीके आधी पोहोचले. कोणत्या शहरात माध्यम लवकर रुजले, हे अशा रीतीने बऱ्याच अंशी योगायोगाने ठरले होते. अभ्यासाला हवे होते तेच. निष्कर्ष असा निघाला : व्हीकेचा प्रसार जास्त तिथे वांशिक गुन्हे जास्त, पण ज्या शहरांत राष्ट्रवादी वृत्ती आधीपासून प्रबळ होती, केवळ तिथेच. शिवाय अनेकांनी मिळून केलेल्या गुन्ह्यांवर हा परिणाम अधिक ठळक होता.

हा निष्कर्ष बारकाईने वाचायला हवा. विरजण कोमट दुधाला लागते, थंडगार दुधाला लागत नाही; माध्यमाचेही तसेच. म्हणून 'आरसा' म्हणणारे अर्धवट बरोबर ठरतात, कारण पूर्वीची वृत्ती नसेल तर गुन्हे वाढत नाहीत. आणि ते अर्धवट चूकही ठरतात, कारण तीच वृत्ती असलेल्या दोन शहरांत माध्यम अधिक पोहोचलेले शहर अधिक हिंसक निघते. अनेकांच्या गुन्ह्यांवरचा ठळक परिणाम समन्वयाच्या यंत्रणेकडे बोट दाखवतो. मात्र याच अभ्यासात तरुण आणि कमी शिकलेल्या लोकांच्या वृत्तीही माध्यमामुळे अधिक परकेद्वेष्ट्या झाल्याचे आढळले. उघड बोलण्याची तयारी मात्र वाढलेली दिसली नाही. वृत्तिबदल मुळीच होत नाही, असे म्हणता येणार नाही. तो होतो, पण एका विशिष्ट थरात. आणि परवानगीच्या यंत्रणेचा जोर देशोदेशी सारखा नसतो.

५. एक उदाहरण जवळून : साउथपोर्ट, २०२४

इंग्लंडमधल्या साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावी २९ जुलै २०२४ रोजी मुलींच्या नृत्यवर्गात शिरून एका १७ वर्षांच्या मुलाने चाकूहल्ला केला. तीन मुली दगावल्या. अल्पवयीन संशयिताचे नाव इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लगेच जाहीर करता येत नव्हते. काही तासांतच ती रिकामी जागा एका खोट्या, मुस्लिम वळणाच्या नावाने भरून निघाली. हल्लेखोर छोट्या बोटीतून आलेला आश्रयार्थी आहे, अशी पुस्ती त्याला जोडली गेली. एक्सवरून निघालेले हे नाव बातमीचा आव आणणाऱ्या एका संकेतस्थळाने उचलले आणि तिथून ते परत समाजमाध्यमांत 'बातमी' म्हणून आले. नाव खोटे आहे असे पोलिसांनी सांगितले, तोवर त्याने गाव ओलांडले होते.

दुसऱ्याच दिवशी, ३० जुलैच्या संध्याकाळी, जमावाने साउथपोर्टच्या मशिदीवर हल्ला केला. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी संशयिताचे नाव जाहीर करायला मुभा दिली. तो वेल्समधल्या कार्डिफ शहरात जन्मलेला होता; आई-वडील रवांडातून आलेले. बोटीचा संबंध नव्हता, आश्रयार्थी असण्याचा नव्हता. तरी दंगल थांबली नाही. ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला.

सत्य बाहेर आल्यावरही दंगल वाढली, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे. अफवेने लोकांची दिशाभूल केली आणि म्हणून ते रस्त्यावर आले, असे असते तर १ ऑगस्टनंतर ते घरी जायला हवे होते. अफवेचे काम मत बदलण्याचे नव्हतेच. 'आता, इथे, या इमारतीपुढे' एवढाच निरोप तिने पोचवला. एकदा माणसे जमली की मूळ कारणाची गरज उरली नाही.

हीच जुळवणी उलट्या दिशेनेही चालली. ७ ऑगस्टला कोणत्या कचेऱ्यांवर चालून जायचे याची यादी टेलिग्रामवर फिरली. ती यादी दंगलखोरांइतकीच त्यांच्या विरोधकांनीही वाचली. त्या संध्याकाळी हजारो नागरिक त्या जागांपुढे आधीच उभे राहिले आणि ठरलेली बहुतेक धुमश्चक्री झालीच नाही.

६. भाषेची दरी : म्यानमार

कंपन्यांची देखरेख सर्वांत कच्ची कुठे असते, हे म्यानमारने दाखवले. तिथे २०१४ च्या सुमारास दूरसंचार क्षेत्र खुले झाले, पूर्वी आवाक्याबाहेर असलेले सिमकार्ड स्वस्त झाले आणि बहुसंख्यांसाठी फेसबुक हेच इंटरनेट ठरले. द्वेषाचा मजकूर बर्मी भाषेत लोटत असताना २०१५ च्या सुरुवातीला फेसबुककडे तक्रारी तपासणारे बर्मी जाणकार केवळ दोन होते. त्यात देशात 'झॉजी' नावाची वेगळीच अक्षरसंकेत पद्धत रूढ होती, त्यामुळे यंत्राला तो मजकूर नीट वाचताही येत नसे.

पुढे कंपनीने भारतीय वंशाच्या लोकांसाठी आणि रोहिंग्यांसाठी वापरला जाणारा 'कलार' हा हिणकस शब्द रोखायला घेतला, तर त्या शब्दापासून बनलेली हरभऱ्याच्या डाळीची आणि खुर्चीची नावे असलेल्या निरुपद्रवी पोस्टही उडाल्या. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये फेसबुकचा प्रतिसाद संथ आणि निष्प्रभ होता असा ठपका ठेवला. त्याच वर्षी कंपनीनेच करून घेतलेल्या बाहेरच्या तपासणीत, हिंसेला चिथावणी देण्यासाठी होणारा वापर रोखायला आपण पुरेसे केले नाही, हे तिला मान्य करावे लागले.

सैन्याने घडवलेल्या हत्याकांडाचा कर्ता फेसबुक नव्हता. पण ज्या भाषेत कंपनीचा धंदा चालतो त्या भाषेत तिची देखरेख चालत नसेल, तर तिथली माणसे उघड्यावर पडतात. रोमन लिपीत लिहिलेले मराठी, त्यात मिसळलेली हिंदी, त्यातले स्थानिक टोमणे कुणाच्या नजरेखालून जातात, हा प्रश्न आपणही विचारायला हरकत नाही.

७. उलट बाजूचा पुरावा

विवेचन एकांगी होऊ नये म्हणून दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो कारवाईदरम्यान उद्भवलेल्या वैद्यकीय प्रसंगाचा बळी म्हणून दाखवला गेला. डार्नेला फ्रेझियर या १७ वर्षांच्या मुलीने चित्रित करून फेसबुकवर टाकलेल्या फितीने ते निवेदन खोटे पाडले. तिला २०२१ मध्ये पुलित्झरचे विशेष मानपत्र मिळाले. जुन्या काळी हे प्रकरण एका ओळीच्या बातमीत संपले असते. मात्र वृत्तिबदलाची मर्यादा येथेही दिसते. प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांत 'ब्लॅक लाइव्ज मॅटर' चळवळीला जून २०२० मध्ये ६७ टक्के अमेरिकी प्रौढांचा पाठिंबा होता, २०२३ मध्ये तो ५१ टक्क्यांवर आला. माध्यमाने लाट आणली, पण ती टिकवता आली नाही.

दुसरी गोष्ट बोस्नियाची. स्रेब्रेनित्साच्या वंशसंहाराच्या स्मरणदिनाच्या सुमारास, जुलै २०१९ मध्ये, संशोधकांनी तिथल्या काही लोकांना फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांच्या मनात इतर वांशिक गटांविषयीचा आदर वाढेल अशी अपेक्षा होती. तो कमी झाला, विशेषतः एकाच वंशाची वस्ती असलेल्या भागात राहणाऱ्यांमध्ये. त्यांचा दुसऱ्या गटाशी संबंध येण्याची जागा फेसबुकच होती. ती काढून घेतल्यावर उरली ती आपल्याच गोतावळ्यातली बोलणी. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये मांडले होते, की योग्य परिस्थितीत आलेला संपर्क पूर्वग्रह कमी करतो. म्हणून 'मोबाइल बाजूला ठेवा' हा सरसकट सल्ला ज्याच्या वस्तीत परका माणूसच नाही त्याच्या बाबतीत उलटतो.

८. आपला अनुभव

महाराष्ट्राने हा प्रकार व्हॉट्सॲप घरोघर पोहोचण्याआधी, साध्या एसएमएसच्या काळातच पाहिला. जुलै २०१२ मध्ये आसामातल्या कोक्राझार भागात हिंसाचार झाला. त्या दिवसांत म्यानमारमधल्या अत्याचारांची म्हणून फिरलेल्या छायाचित्रांपैकी एक प्रत्यक्षात २०१० च्या तिबेटी पठारावरच्या भूकंपाचे होते : प्रेतांच्या राशीपुढे उभे असलेले मदतकार्यातले भिक्षू मारेकरी म्हणून दाखवले गेले. या दोन्ही ठिकाणच्या हिंसेविरुद्ध ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावर झालेल्या निषेधसभेला हिंसक वळण लागले. पाठोपाठ ईशान्य भारतीयांवर हल्ले होणार, २० ऑगस्टच्या आत निघून जा, असे निरोप पसरले. पुणे, बंगळूर, चेन्नईहून विद्यार्थी, पहारेकरी, हॉटेलांत काम करणारी मुले मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाली. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या आणि केंद्र सरकारला पंधरा दिवसांसाठी एकगठ्ठा संदेशांवर पाचची मर्यादा घालावी लागली.

निरोप खोटा होता, पण भीती खोटी नव्हती. 'चिंकी' म्हणून हिणवले जाणे, भाड्याने खोली न मिळणे हा ज्यांचा रोजचा अनुभव होता, त्यांना तो निरोप खरा वाटला यात नवल नाही. अफवा रोजच्या वंशद्वेषाच्या जमिनीवरच उभी होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला याच चेहऱ्यांना विषाणूचे नाव चिकटले आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावे लागले.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. याला काटेकोर अर्थाने वंशद्वेष म्हणता येणार नाही. पण बोली आणि पेहराव पाहून 'परका' ठरवणे, परक्याला जन्मजात गुन्हेगार ठरवणे, ही रीत तीच आहे. भटक्यांविषयीची ही नजर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पक्की केली. व्हॉट्सॲपने तिला फक्त तास आणि ठिकाण दिले.

बाणाची दिशा फिरते तेव्हाही यंत्रणा तीच राहते. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय वंशाचे श्रीराम कृष्णन यांची सरकारी सल्लागार म्हणून नेमणूक जाहीर होताच एच-१बी व्हिसाच्या वादाने भारतीयांविरुद्धच्या वंशद्वेषी मजकुराचे रूप घेतले. न्यू जर्सी किंवा टेक्साससारख्या राज्यांत नोकरी करणाऱ्या मराठी अभियंत्यांनी तो आपल्या पडद्यावर वाचला. पुण्यात ईशान्येच्या मुलांविषयीचा विनोद पुढे पाठवणारा आणि डॅलसमध्ये स्वतःविषयीची शिवी वाचणारा, हे एकाच घरातले असू शकतात.

९. उपायांची तपासणी

शब्दबंदी हा सर्वांत सोपा उपाय आणि सर्वांत फसवा. हरभऱ्याच्या डाळीचे उदाहरण वर आलेच. अमेरिकेत मार्टन सॅप आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले, की कृष्णवर्णीयांच्या बोलीतले ट्वीट आक्षेपार्ह ठरण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दुप्पट होती. ज्यांच्या रक्षणासाठी गाळणी लावली, तेच गाळले जात होते.

अड्डा मोडणे अधिक परिणामकारक दिसते. रेडिट या चर्चामंचाने २०१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या द्वेषासाठीच चालणारा एक कट्टा आणि दुसरा एक द्वेषाचा कट्टा बंद केला. पुष्कळांनी रेडिट सोडले. जे राहिले त्यांच्या द्वेषपूर्ण भाषेत किमान ८० टक्के घट झाली. सोडून गेलेले दुसरीकडे अधिक कडवे झाले असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण हमरस्त्यावरची गाठभेट थांबली, आणि मुद्दा तोच आहे.

वेग कमी करणे हा तिसरा उपाय. राईनपाड्याच्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच मजकूर पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याचे बंधन आल्यावर अशा संदेशांत ७० टक्के घट झाल्याचे कंपनीने सांगितले. आकडा कंपनीचा आहे हे लक्षात ठेवूनही दिशा योग्य आहे. येथे कुणाचे बोलणे कापले जात नाही; फक्त ते पसरण्याला श्रम पडतात.

चौथा उपाय आपल्यांनी आपल्यांना टोकणे. केव्हिन मंगर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्विटरवर वंशद्वेषी शिवी देणाऱ्या गोऱ्या पुरुषांना, या भाषेने खऱ्या माणसांना इजा होते, असे सौम्यपणे सुनावले गेले. सुनावणारी खाती बनावट होती : काहींवर गोरा चेहरा, काहींवर काळा, काहींचे अनुयायी भरपूर, काहींचे नगण्य. गोऱ्या चेहऱ्याच्या आणि भरपूर अनुयायी असलेल्या खात्याने टोकल्यावर शिव्या स्पष्टपणे कमी झाल्या. काळ्या चेहऱ्याच्या खात्यांना तसे यश आले नाही. डोमिनिक हँगार्टनर आणि सहकाऱ्यांना २०२१ मध्ये आढळले, की पीडिताविषयी सहानुभूती जागवणारे उत्तर द्वेष थोडा कमी करते. विनोद किंवा परिणामांचा इशारा फारसे काही करत नाही. म्हणजे ज्याच्यावर वार होतो त्यानेच उत्तर द्यावे, ही अपेक्षा अन्यायाची तर आहेच, निरुपयोगीही आहे.

कायद्यानेही नुसत्या मजकुरापेक्षा जुळवणीकडे पाहायला हवे. जर्मनीने २०१७ च्या कायद्याने उघड बेकायदा मजकूर २४ तासांत हटवण्याची सक्ती केली आणि ५ कोटी युरोपर्यंत दंड ठेवला. दंडाच्या धाकाने कंपनी अतिसावध होऊन वैध मजकूरही उडवेल, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाची वेगळी दखल घेतली आहे. जमाव हा घटक कायद्याने ओळखला. तो जमाव जुळवणारी यंत्रणा अजून कायद्याच्या नजरेत नीटशी आलेली नाही.

१०. निष्कर्ष

समाजमाध्यमे वंशद्वेषाची जन्मदात्री नाहीत. त्याची मुळे गुलामगिरीत, वसाहतींत, घरभाड्याच्या जाहिरातींत आणि जेवणाच्या टेबलावरच्या विनोदांत आहेत. पण एकेकटा, विखुरलेला, भीड बाळगणारा द्वेष एकत्र आणून त्याला गर्दीचे बळ देण्याची जबाबदारी या कंपन्यांना झटकता येणार नाही, कारण कोण कुणाला भेटेल हे त्यांची क्रमवारी आणि शिफारसच ठरवते. म्हणून त्यांना 'तुम्ही किती पोस्ट काढल्या' एवढे विचारून भागणार नाही. 'कोणत्या गटाची शिफारस तुम्ही कुणाला केली, आणि आमच्या भाषेत तपासणारी माणसे किती', हे विचारावे लागेल आणि उत्तर देणे बंधनकारक करावे लागेल.

वाचकाच्या हातातली गोष्ट लहान आहे, पण पुराव्याने सिद्ध आहे. नातेवाइकांच्या किंवा शाळासोबत्यांच्या गटात एखाद्या चेहऱ्याविषयी, रंगाविषयी, 'बाहेरच्यां'विषयी मजकूर येतो, तेव्हा त्या गटात ज्याच्या शब्दाला मान आहे त्याने तिथल्या तिथे, न चिडता, टोकावे. बाहेरच्या शंभर जणांनी केलेल्या निषेधापेक्षा घरातल्या एका काकांनी टोकलेले अधिक लागू पडते.